इरलं की घोंगडी?

डब्लिनच्या उन्हाळ्याबद्दल आपल्यापैकी कुणाला नव्यानं काही सांगायला नको. जुलैतल्या दुपारी पारा शंभरच्या आसपास जातो, अंगणातलं गवत पापडासारखं वाळतं आणि मंडळी आपसूकच समुद्राची वाट धरतात. तासाभराचा ड्राइव्ह करून खाडीकाठी उतरावं, तर तिथे लोक जॅकेटं घालून फिरत असतात! पुण्याहून निघून एका तासात थेट महाबळेश्वरच्या डिसेंबरात उतरावं तसा हा प्रकार.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी आमचे चिरंजीव आणि मी सॉसालिटोला कयाक चालवायला गेलो होतो. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. घरून निघताना ९८ डिग्री होते, त्यामुळे दोघांच्याही अंगात सुती टीशर्ट आणि हाफ पँट. लाइफ जॅकेट तेवढं घातलं होतं आणि त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. अर्ध्या तासानं शेजारून एक मोटरबोट वेगात गेली. तिची लाट आडवी आली आणि चिरंजीव कयाकसकट उलटे झाले.

तो पट्टीचा पोहणारा आहे. शाळेच्या स्विम टीममध्ये होता. त्यामुळे पहिल्या क्षणी मला हसूच आलं. पण तो वर आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. नुसता धापा टाकत होता, एखाद्याला दम्याचा झटका यावा तसा. ‘कयाक धर, कयाक धर’ असं मी ओरडत होतो. त्यानं धरलं, पण वर चढायला जावं तर हातात जोरच नाही. मला तर त्याला वर घेण्याची युक्तीच ठाऊक नव्हती. लांबून एक साठीच्या बाई आपलं कयाक वल्हवत आल्या. अंगात काळा रबरी पोशाख. त्यांनी शांतपणे त्याचं कयाक उलटं करून पाणी काढलं, आपल्या कयाकला आडवं लावून धरलं आणि त्याला पोटावर सरपटत वर यायला सांगितलं. हे सगळं दहा-बारा मिनिटांत आटोपलं असेल. काठावर आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, “हवेला बघून नाही, पाण्याला बघून कपडे घाला.”

घरी पोचलो तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं आणि आमचा मुलगा सोफ्यावर आजीच्या गोधडीत गुरफटून बसला होता. माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, भातशेतीचं. तिनं सगळी हकीकत ऐकली आणि मला फक्त एकदा बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी इथे करत नाही.

आठवडाभरानं चिरंजीवांनी जाहीर केलं की त्याला पुन्हा जायचंय. हिनं साफ नकार दिला. शेवटी तह झाला: योग्य पोशाख असेल तरच. मग जेवणाच्या टेबलावर वाद सुरू झाला, वेटसूट की ड्रायसूट? वेटसूटमध्ये पाणी आत येतं पण थंडी वाजत नाही, ड्रायसूटमध्ये पाणी आतच येत नाही, असं मी आईला समजावून सांगत होतो. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “म्हणजे इरलं की घोंगडी, एवढंच ना?”

मी थबकलो. लावणीच्या वेळी बायका पाठीवर इरलं घेतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं अंथरलेली. पाऊस त्यावरून निथळून जातो, पाठ कोरडी राहते. गुरं राखणारा गडी मात्र घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो. घोंगडी भिजते, जड होते, पण आत ऊब टिकते, कारण लोकरीच्या धाग्यांत हवा अडकलेली असते. थंड पाण्याशी झुंजायचे माणसाला सापडलेले मार्ग हे दोनच: पाणी बाहेर ठेवा, नाहीतर पाणी येऊ द्या पण ऊब सोडू नका. पुढच्या हिवाळ्यात मी या दोन मार्गांचा इतिहास वाचून काढला. त्यातला बराचसा आपल्या अंगणात घडलेला निघाला, म्हणून हा लेखनप्रपंच.

इरल्याचं घराणं जुनं आहे. कयाक हा शब्दच मुळी उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. तिथलं पाणी गोठणबिंदूच्या जवळपास असतं आणि त्यावर शिकार करून पोट भरायचं असतं. त्यांनी सीलच्या कातड्याचा ‘तुइलिक’ नावाचा अंगरखा शिवला. तो चेहऱ्याभोवती आणि मनगटांशी आवळून बांधायचा आणि त्याचा खालचा घेर कयाकच्या तोंडाच्या कडीवर घट्ट बसवायचा. माणूस आणि होडी एकच झाली! कयाक उलटलं तरी आत पाणी शिरत नाही, आणि वल्ह्याच्या एका फटक्यानं गडी पुन्हा सरळ होतो. ग्रीनलंडच्या देवमाशांच्या शिकाऱ्यांचा तर डोक्यापासून पायापर्यंत एकसंध कातडी पोशाख असे. तसा एक पोशाख कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवला आहे. आज दुकानात हजार डॉलरला मिळतो त्या ड्रायसूटचे हे खापरपणजोबा.

युरोपात हेच काम रबरानं केलं. १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारं कापड बनवण्याचं पेटंट घेतलं. पुढे १८३७ च्या सुमारास लंडनमध्ये ऑगस्टस सीबे यांनी अशा रबरी कापडाचा बंद पोशाख तांब्याच्या शिरस्त्राणाला जोडला आणि पाणबुड्यांचा तो जुना, सिनेमात दिसणारा वेश तयार झाला.

पण वल्हं मारणाऱ्यांचा खरा पूर्वज म्हणजे कॅप्टन पॉल बॉयटन. हा गडी पिट्सबर्गच्या मेरिमन यांनी बनवलेला रबरी सूट घालायचा. सुटात हवा भरण्याचे कप्पे होते. पाण्यावर उताणा पडायचा, पाय पुढे करायचे आणि दोन्ही बाजूंना पातं असलेल्या वल्ह्यानं स्वतःलाच वल्हवत न्यायचं. होडी वगैरे भानगडच नाही! मे १८७५ मध्ये त्यानं अशा रीतीनं फ्रान्सहून निघून सुमारे चोवीस तासांत इंग्लिश खाडी ओलांडली.

गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी तीच खाडी अंगाला चरबी चोपडून, बिनपोशाखाचं म्हणता येईल अशा अवस्थेत पोहून पार केली. २१ तास ४५ मिनिटं लागली. बॉयटनचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही, वेब मात्र अमर झाले. खाडी पोहण्याच्या परंपरेत वेटसूट चालत नाही तो आजतागायत. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल आणि हवी तर चरबी, एवढीच मुभा. या कडक नियमांखाली आपल्या माणसांनी काय करून दाखवलंय ते आपल्या मुलांना जरूर सांगावं. मुंबईच्या रुपाली रेपाळेनं १९९४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केली. पुण्याच्या रोहन मोरेनं २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून ‘ओशन्स सेव्हन’ या सात खडतर सागरी मार्गांची मालिका पुरी केली. असं करणारा तो आशियातला पहिला. आपल्या कॅलिफोर्नियाची कॅटलिना खाडी त्या सातांपैकीच एक आहे.

हे वाचून आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, मग मला सूट कशाला?” प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की हे जलतरणपटू महिनोन् महिने थंड पाण्यात अंग मुरवतात, पोहताना सतत हात-पाय चालवून उष्णता निर्माण करतात आणि शेजारून त्यांच्यासाठी बोट चाललेली असते. कयाकवाला कोरडा, बेसावध बसलेला असतो आणि अचानक पाण्यात पडतो. दोघांची तुलनाच नाही.

आता घोंगडीच्या घराण्याकडे येऊ. इथे कथा आपल्या दारात येते.

डॉगर्टी रोडवरून जाताना आपल्याला लष्कराचं जे कुंपण दिसतं, ते कॅम्प पार्क्स. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, हा नौदलाच्या ‘सीबीज’ या बांधकाम दलाचा तळ होता. याच सीबीज दलातून अमेरिकन नौदलाच्या पहिल्या सुरुंग-पथकांची बरीचशी माणसं निवडली गेली. शत्रूच्या किनाऱ्यावर पोहत जायचं, पाण्याखालचे अडथळे सुरुंगानं उडवायचे, हे त्यांचं काम. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावाच्या लढाईत प्रवाळाच्या खडकांवर उतरणीच्या बोटी अडकल्या, फार माणसं मेली आणि अशा पोहणाऱ्यांची निकड पटली. प्रशांत महासागराच्या उबदार भागात ते नुसत्या चड्डीवर पोहत. पण १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि थंड पाण्याशी गाठ पडली. तेव्हा लोकरी कपड्यांवर चढवायचे पातळ रबराचे कोरडे सूट वापरात होते. ते कुठे तरी फाटले की संपलं. पाणी आत शिरलं की लोकर भिजणार, अंग जड होणार. इरल्याला भोक पडलं की त्याचा उपयोग काय?

या प्रश्नावर विचार करायला बसला एक अणुशास्त्रज्ञ! ह्यू ब्रॅडनर हे बर्कलीच्या रेडिएशन लॅबोरेटरीतले भौतिकशास्त्रज्ञ. युद्धकाळात लॉस अलामोसला अणुबाँबच्या प्रकल्पात होते. १९५२ मध्ये त्याच बर्कली प्रयोगशाळेची एक शाखा लिव्हरमोरला निघाली. आपल्यापैकी कित्येकांचे शेजारी जिथे नोकरी करतात ती लिव्हरमोर लॅब. म्हणजे ब्रॅडनर हे नात्यानं आपले शेजारीच म्हणायचे.

ब्रॅडनर यांनी प्रश्नच उलटा मांडला. आपल्याला माणूस कोरडा ठेवायचा आहे की गरम? गरम ठेवायचा असेल तर तो ओला झाला म्हणून बिघडलं कुठे? उष्णता अडवतात ते अडकलेल्या वायूचे बुडबुडे. ते बुडबुडे जर कापडातच कायमचे बंद करून टाकले, तर कापड भिजलं काय नि फाटलं काय, ऊब राहणारच. जून १९५१ मधल्या त्यांच्या एका पत्रात हा विचार नोंदलेला आहे. वापरायचं काय, याचं उत्तर त्यांचे सहकारी, अभियंते विलार्ड बॅस्कम यांनी सुचवलं: फेसाळ निओप्रीन. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटानं १९३० मध्ये शोधलं होतं. पुढे नायलॉन दिलं ते याच कॅरदर्सनी. निओप्रीनचा फेस करून थिजवला की त्यात वायूची असंख्य बंद कोठडी तयार होतात. ही झाली रबराची घोंगडी!

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण मीही तो बाळगून होतो. वेटसूटमध्ये शिरलेलं पाणी शरीराच्या उष्णतेनं तापतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं, असं सर्रास सांगितलं जातं. खरं काम करतात ते निओप्रीनमधले बुडबुडे. आतलं पाणी फक्त थोडं आणि जागच्या जागी राहिलं पाहिजे. सूट ढगळ असेल तर ते पाणी सारखं बदलत राहतं आणि ऊब वाहून नेतं. म्हणून वेटसूट अंगाला चिकटून बसणाराच हवा. ‘वाढत्या अंगाचा’ घेण्याची आपली मराठी सवय इथे उपयोगी नाही!

नौदलानं हा सूट लगेच उचलून धरला नाही. फेसातल्या वायूमुळे शत्रूच्या सोनारवर पोहणारा सहज सापडेल, अशी शंका होती. या शोधाचं पेटंट ब्रॅडनर यांच्या नावावर झालं नाही आणि त्यातून ते श्रीमंतही झाले नाहीत. पुढे ते सॅन डिएगोजवळच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत गेले आणि २००८ मध्ये वारले.

पैसा आणि नाव मिळालं ते सर्फिंगवाल्यांना. जॅक ओनील यांनी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचजवळ एका गॅरेजमध्ये सर्फ शॉप उघडलं. आधी त्यांनी दुसऱ्या फेसाची बंडी करून पाहिली, मग निओप्रीनवर आले. १९५९ मध्ये दुकान सांताक्रूझला हलवलं आणि तिथून ओनील हे नाव जगभर गेलं. इकडे दक्षिणेत रेडाँडो बीचवर माइस्ट्रेल बंधू १९५३ पासून असेच सूट विकत होते. त्यांचा ब्रँड पुढे ‘बॉडी ग्लव्ह’ झाला. वेटसूट पहिला कुणी केला यावर बरीच वर्षं दोन्ही घराण्यांचा दावा होता. ब्रॅडनर यांचा पत्रव्यवहार अभ्यासकांनी उजेडात आणल्यावर मूळ कल्पनेचं श्रेय त्यांच्याकडे गेलं. पण प्रयोगशाळेतली वस्तू सामान्य माणसाच्या अंगावर चढवली ती ओनील आणि माइस्ट्रेल यांनीच. आपल्याकडे शोध लावणारा आणि दुकान थाटणारा यांतला एकच मोठा मानायची रीत आहे. मला वाटतं, दोघांनाही नमस्कार करावा.

तेवढ्यात इरल्याचं घराणं स्वस्थ बसलं नव्हतं. रबरी ड्रायसूटचा मोठा दोष म्हणजे घाम. तासभर वल्हं मारलं की बाहेरून कोरडा माणूस आतून ओलाचिंब. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणला आणि त्यातून गोरटेक्स निघालं. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या आर्काटा गावी १९७१ मध्ये सुरू झालेल्या कोकाटाट कंपनीनं पुढे या कापडाचे ड्रायसूट वल्हं मारणाऱ्यांसाठी शिवले. कोकाटाट हा तिथल्या युरोक आदिवासींच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘पाण्यात’. मनगट, मान आणि घोट्यांशी रबराच्या घट्ट पट्ट्या आणि पाणबंद चेन. तुइलिकचीच कल्पना, फक्त कातड्याऐवजी कापड.

मग घ्यावं काय? आईच्या भाषेतच सांगतो. इरल्याला स्वतःची ऊब नसते. ड्रायसूट फक्त कोरडं ठेवतो, ऊब त्याच्या आत घातलेल्या फ्लीस किंवा लोकरीची. म्हणजे पाणी जितकं थंड तितके आतले कपडे वाढवता येतात, हा मोठा फायदा. पण मनगटाची पट्टी फाटली किंवा चेन अर्धवट राहिली की सगळा डाव फसतो. शिवाय किंमत वेटसूटच्या कितीतरी पट. घोंगडीची ऊब तिच्या अंगातच असते. वेटसूट फाटला तरी काम करतो, पाण्यात तरंगायला मदत करतो आणि खिशाला परवडतो. पण बराच वेळ पाण्यात राहिलं किंवा ओल्यानं वाऱ्यात बसलं की गारठा जाणवतो, आणि पूर्ण बाह्यांचा असेल तर वल्हं मारताना खांदे दुखतात. म्हणून कयाकवाले बहुधा बिनबाह्यांचा, ‘फार्मर जॉन’ नावाचा प्रकार घेतात आणि वरून वल्हेकऱ्यांचं जॅकेट घालतात. ढोबळ हिशेब असा, की पाणी ६० डिग्री फॅरनहाइटच्या खाली असेल तर वेटसूट हवाच, आणि ५० च्या आसपास किंवा खाली असेल तर ड्रायसूट बरा.

आता आपल्या खाडीचं पाणी. अलास्काकडून येणारा थंड सागरी प्रवाह आणि वाऱ्यामुळे खोलातून वर येणारं गार पाणी, यांमुळे गोल्डन गेटबाहेरचं पाणी बारा महिने साधारण ५० ते ६० डिग्रीच्या दरम्यानच असतं. डब्लिनला ९८ असो की ४८, त्याला काही सोयरसुतक नाही. कयाकवाल्यांत एक जुना नियम सांगतात, हवा आणि पाण्याच्या तापमानाची बेरीज १२० च्या वर असेल तर सुटाची गरज नाही. त्या शनिवारचा हिशेब करा: हवा ९८, पाणी ५६ धरलं तरी बेरीज १५४! नियमानं आम्ही अगदी सुरक्षित होतो. पण पाण्यात पडलेल्या माणसाला हवेच्या तापमानाचा काय उपयोग? पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा १-१०-१ हा नियम मात्र पाठ करावा असा आहे. अतिशय थंड पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. तेव्हा धाप लागते, घाबरून पोहायला जायचं नाही, तरंगत राहायचं. मग हात-पाय उपयोगी पडतील अशी साधारण १० मिनिटं. आणि गारठ्यानं शुद्ध हरपायला सुमारे १ तास. लोक समजतात की माणूस थंडीनं गोठून मरतो. प्रत्यक्षात बरेचसे पहिल्या काही मिनिटांतच श्वास चुकून किंवा हात निकामी होऊन बुडतात. माझा पट्टीचा पोहणारा मुलगा कयाकवर का चढू शकला नाही, ते मला हे वाचल्यावर कळलं. त्याची धाप हा भित्रेपणा नव्हता, ते शरीराचं काम होतं. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मला वाटलं होतं, तू माझ्यावर हसत होतास.” मी सुरुवातीला हसलो होतो, हे मी त्याच्याजवळ कबूल केलं.

आम्ही घोंगडी घेतली. वाढत्या वयाचा मुलगा, कधीमधी जाणारे आम्ही आणि खाडीचा आतला, जरा ऊबदार भाग. एवढ्यासाठी दोघांना ३ मिलिमीटरचा फार्मर जॉन आणि वरून जॅकेट पुरेसं होतं. पण सूट अंगात घालून आधी लिव्हरमोरच्या डेल व्हॅये तलावात, काठाजवळ, मुद्दाम पंधरा-वीस वेळा उलटे झालो. एकमेकांना वर घ्यायचा सराव केला. हे सुटाइतकंच महत्त्वाचं आहे. त्या बाईंच्या अंगात नुसता सूट नव्हता, हातात कसबही होतं.

चिरंजीव यंदा ओरेगॉनला कॉलेजात गेले. तिकडच्या नद्या बर्फाच्या पाण्यावर वाहतात, तेव्हा आता इरल्याची पाळी आली आहे. परवा फोनवर त्यानं आजीला सांगितलं, “आजी, मी इरलं घेतोय.” आई म्हणाली, “घे. पण आत घोंगडी घाल हो.”

तीनशे पानं वाचून मी जे शिकलो, ते तिनं एका वाक्यात सांगितलं.